धाकटीची नाळ पिवळ्या पिशवीत गेली: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त, कारण निम्मा विषय तुमच्याकडे येतो.

साहेब, नमस्कार.

मी चाकणला राहते. मिस्टर कंपनीत आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. मोठा मुलगा पाच वर्षांचा, त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. धाकटी चौदा महिन्यांची, ती ठणठणीत आहे. ती जन्मली त्या रात्री तिच्या नाळेतलं, भावाच्या कामी येऊ शकणारं रक्त कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं, ते मी इतके दिवस मनातच ठेवलं, वाटलं जाऊ दे, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, अजून काय पाहिजे. पण गेल्या महिन्यात माझ्या नणंदेची डिलिव्हरी झाली आणि तिथे जे बघितलं त्यानंतर गप्प बसवत नाहीये. म्हणून हे तुम्हाला लिहितेय आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

तुम्हाला हा आजार माहीत असणार, बाकीच्यांसाठी सांगते. या मुलांच्या अंगात नीट हिमोग्लोबिन तयारच होत नाही, त्यामुळे जन्मभर बाहेरून रक्त भरायचं. आमच्याकडे दर तीन आठवड्यांनी. तिसरा आठवडा संपत आला की मला रिपोर्टची गरज लागत नाही, तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसतो आणि "आई, उचल" म्हणतो, ओठ पांढरे पडलेले असतात. मग रक्त लावायच्या डे-केअर सेंटरला जायचं, शीर शोधायची, एक हात झाला की दुसरा, नाहीच मिळाली तर पाय. भरलेल्या रक्तातून अंगात लोह साठत जातं, ते लिव्हरला आणि हार्टला त्रास देतं, म्हणून ते बाहेर काढायला रोज सकाळी उपाशीपोटी गोळी काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवून पाजायची. तळाला पांढरा गाळ राहतो, त्यात परत थोडं पाणी घालून हलवायचं आणि तेही प्यायला लावायचं, कारण औषध त्या गाळातच असतं. पाच वर्षांचं पोर ओकारी दाबून ते पितं आणि ग्लास उलटा करून मला दाखवतं, "झालं बघ".

यातून कायमचं सुटायचं तर आमच्यासारख्यांच्या हातातला एकच रस्ता आहे, स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त बनवणाऱ्या निरोगी पेशी देणं, ज्याला सगळे बोन मॅरो (हाडातल्या मगजाचं) ट्रान्सप्लांट म्हणतात. त्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळणारा दाता लागतो, आणि सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ट्रान्सप्लांट जितक्या लहानपणी तितकं चांगलं, लिव्हर लोहाने खराब व्हायच्या आत, आमचे डॉक्टर म्हणतात शक्यतो सात वर्षांच्या आत करून घ्या. म्हणजे आमच्या घरात घड्याळ चालू आहे.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा अकराव्या आठवड्यात वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना घेऊन तपासणी केली, बाळ मेजर नाही असा रिपोर्ट आला आणि मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसून रडले. तेव्हाच डे-केअरच्या डॉक्टरांनी सांगितलं की या बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवायची व्यवस्था करा, जुळलं तर मोठ्याच्या कामी येईल. मला तोवर हे काहीच माहीत नव्हतं. आमच्या आजीच्या काळी वार अंगणात खड्डा करून पुरायचे, त्यात कुणाला बरं करायची ताकद असते हे आम्हाला कोण सांगणार.

मग मी वाचायला लागले, मिस्टर रात्रपाळीला गेले की मोबाईलवर. बाळ जन्मल्यावर नाळ कापतात, त्यानंतर नाळेत आणि वारेत साधारण ६० ते १०० मिली रक्त उरतं, चहाच्या एका कपाएवढं. त्यात रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल असतात, अगदी कोवळ्या, त्यामुळे जुळणीत थोडा फरक असला तरी चालून जातं आणि नव्या पेशींनी पेशंटच्याच शरीरावर उलटण्याचा त्रास तुलनेने कमी होतो. काढताना ना आईला दुखतं ना बाळाला. उणे १९६ डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवलं की वर्षानुवर्षं टिकतं. यातली अडचण म्हणजे रक्त थोडं असतं, पेशी किलोच्या हिशोबाने मोजून लागतात, त्यामुळे मोठ्या माणसाला एक पिशवी बहुतेक पुरत नाही आणि नवं रक्त तयार व्हायलाही मॅरोपेक्षा जास्त दिवस लागतात. लहान मुलांना मात्र उपयोग होतो.

जगातलं असं पहिलं ट्रान्सप्लांट १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलं. पेशंट अमेरिकेतला पाच वर्षांचा मुलगा होता, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा आजार. त्याच्या आईला मुलगी होणार होती, जन्मताच तिच्या नाळेतलं रक्त जमा करून गोठवलं, विमानाने पॅरिसला नेलं आणि भावाला दिलं. तो बरा झाला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ही तर आमचीच गोष्ट होती, फक्त पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीची. तेव्हापासून जगात ४० हजारांच्या वर अशी ट्रान्सप्लांट झालीत, एकट्या जपानमध्ये वर्षाला हजाराहून जास्त होतात. थॅलेसेमियाचं म्हणाल तर २०१३ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांच्या ट्रान्सप्लांटचा हिशोब छापला, त्यात मॅरो मिळालेली ८६ टक्के मुलं सहा वर्षांनी आजारातून सुटलेली होती आणि नाळेतलं रक्त मिळालेली ८० टक्के. म्हणजे हा प्रयोग राहिलेला नाही साहेब, भावंडासाठी ही रुळलेली ट्रीटमेंट आहे.

सातव्या महिन्यात मी हॉस्पिटलला लेखी अर्ज दिला. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, मोठं आहे, पुण्याच्या आसपासचं आहे, आणि तिथल्या एका माणसाला धारेवर धरून माझा प्रश्न सुटणार नाही. अर्जासोबत मुलाचे सगळे रिपोर्ट जोडले, डे-केअरच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं. इनवर्डचा शिक्का मारलेली कॉपी माझ्याकडे आजही आहे. तुमच्याकडे सोय नसेल तर नाळेतलं रक्त साठवणाऱ्या बाहेरच्या बँकेचं किट आम्ही आणतो, पैसे आम्ही भरतो, निम्मे पैसे माझे दीर देणार होते, तुम्ही फक्त परवानगी द्या एवढंच मागितलं होतं. उत्तर मिळालं की बाहेरच्या कंपनीचा माणूस लेबर रूममध्ये घ्यायला वरून परवानगी लागते, पत्र पाठवलंय. आठव्या महिन्यात गेले, पत्र पाठवलंय. नवव्यात गेले तर ते टेबल सांभाळणारे बदलून गेले होते.

रात्री पावणेतीनला धाकटी झाली. मी तशा अवस्थेतही विचारलं, मॅडम ते नाळेतलं रक्त. ती रेसिडेंट डॉक्टर बिचारी माझ्या भाचीच्या वयाची, डोळे तारवटलेले, म्हणाली, "ताई, मला कोणी काहीच सांगितलं नाहीये, इथे किटच नाहीये." सिस्टरनी वार ट्रेमध्ये उलटीसुलटी करून पूर्ण आलीये का ते बघितलं, नियमाप्रमाणे बघतातच, आणि पिवळ्या पिशवीत टाकली. मला टाके घालणं चालू होतं. पिशवीचं तोंड बांधताना मी बघत होते.

दोन महिन्यांनी धाकटीच्या गालाच्या आतून कापसाने नमुना घेऊन एचएलए केलं. दहापैकी दहा जुळलं.

डॉक्टर म्हणतात धीर धरा, ती वजनाने थोडी वाढू दे, मग तिचा मॅरो घेता येईल. घेता येईल हे खरं आहे, आशा संपलेली नाही आणि मी तसं भासवणार पण नाही. तिचं नाळेतलं रक्त एकट्याने पुरलं असतं असंही ते छातीठोक सांगत नाहीत, कदाचित सोबत थोडा मॅरो लागलाच असता. पण आता जे काही काढायचं ते सगळं या नऊ किलोच्या पोरीला भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडात सुया घालून काढायचं आहे, आणि तोवर मोठ्याला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी रक्त, आणि प्रत्येक पिशवीबरोबर आणखी लोह.

आता नणंदेचं सांगते. तिची डिलिव्हरी एका खाजगी मॅटर्निटी होममध्ये. घरात कुणाला रक्ताचा काही आजार नाही, नवऱ्याकडेही नाही. पाचव्या महिन्यापासून ओपीडीच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेली एक मुलगी तिला गाठायची, हातात नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खाजगी बँकेचं गुळगुळीत कागदाचं ब्रोशर, त्यावर ८० हून जास्त आजारांवर इलाज, ही संधी आयुष्यात एकदाच, हप्त्याने भरा. "वहिनी, बाळासाठी एवढं पण नाही करणार?" हे वाक्य नणंदेला तीन वेळा ऐकवलं गेलं. शेवटी एफडी मोडून ७० हजार भरले. आणि डिलिव्हरी पहाटे चारला झाली तरी कंपनीचा माणूस डबा घेऊन हजर होता. मी तिथेच होते, तो डबा मी डोळ्यांनी बघितला. ज्यांना त्या रक्ताचा काही उपयोग होण्याची शक्यता नाहीच्या बरोबर, त्यांच्या दारात पहाटे चारला माणूस येतो, आणि आम्ही अर्ज-विनंत्या करून, पैसे भरायला तयार असून, आमच्या हातात काहीच नाही.

नाहीच्या बरोबर हा शब्द माझा. आकडा तज्ज्ञांचा आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की बाळाचं स्वतःचं नाळेतलं रक्त पुढे त्याच बाळाला लागेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, आणि तसं लागण्याची शक्यता तज्ज्ञांनी ०.०४ ते ०.०००५ टक्के धरली आहे, म्हणजे दहा हजारांत चार ते दोन लाखांत एक. कारणही सरळ आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल जीनमधून येतात, ते त्या बाळाच्या नाळेतल्या पेशींतही असणारच, मग स्वतःचंच रक्त स्वतःला देऊन आजार कसा जाईल? ल्युकेमियातही, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्येही, बऱ्याचदा गडबडीची सुरुवात जन्माआधीच झालेली असते, म्हणून डॉक्टर स्वतःच्या नाळेतलं रक्त टाळतात. ते ८० आजार बहुतेक दुसऱ्याच्या निरोगी रक्ताने बरे होणारे आहेत, स्वतःच्या नव्हे, आणि ब्रोशरवर नेमकं तेच लिहिलेलं नसतं. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१८ मध्ये हेच सांगितलं आणि सोबत हेही सांगितलं की घरात आधीच असा आजारी भाऊ-बहीण किंवा आई-वडील असतील तर मात्र रक्त जरूर साठवा. म्हणजे शास्त्र एक सांगतं आणि आपल्याकडे बरोबर त्याच्या उलट चाललंय. माझं सगळं गाऱ्हाणं या एका वाक्यात आहे.

तरी एकेक करून लिहिते, म्हणजे तुमच्या ऑफिसात फाईलवर घेताना सोपं जाईल.

पहिलं. माझ्या पहिल्या खेपेला एचबीए२ ची टेस्ट, जिच्यात थॅलेसेमिया मायनर आहे का ते कळतं, कोणी सांगितलीच नाही. साध्या रक्ततपासणीत (सीबीसी) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, कमी दिसत होता, लोहाच्या गोळ्या देऊन पाठवलं. नंतर एकजण म्हणाले हा आजार सिंधी, लोहाणा, पंजाबी लोकांत असतो, तुमच्यात कसा? आमच्यातही असतो, आमच्या डे-केअरला येऊन बघा, जुन्नर, खेड, शिरूरची मुलं आहेत. देशात दरवर्षी दहा हजारांच्या वर थॅलेसेमिया मेजर मुलं जन्मतात आणि बऱ्याच आईवडिलांना आपण दोघं मायनर, म्हणजे स्वतः बरे पण आजाराचा जीन असलेले, आहोत हे मूल सहा-आठ महिन्यांचं पांढरंफटक पडल्यावर कळतं.

दुसरं म्हणजे अर्जाचं. भावंडासाठी नाळेतलं रक्त घ्यायचं तर कोणी, कशात, कुठे पाठवायचं, सही कोणाची, याचा साधा एका पानाचा नियम आमच्या हॉस्पिटलात कोणाकडेच नव्हता. आपलं काम सरकारी कागदाशिवाय होत नाही, आणि कागदच नाही. शिवाय काही हॉस्पिटलं तुमच्या खात्याची, मेडिकल कॉलेजची दुसऱ्या खात्याची, महापालिकेची तिसऱ्याची. आईला कळा सुरू झाल्यावर खातं कोणतं ते विचारायला वेळ नसतो.

तिसरं, त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीबद्दल. तिच्यावर माझा राग नाही, तिला टार्गेट असणार. पण गरोदर बाई तपासणीला आलेली असताना तिच्या भीतीवर विक्री करू देणं हे हॉस्पिटलने आणि सरकारने थांबवायला हवं. डॉक्टरांनी पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेऊ नये हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलेलंच आहे, या धंद्यात ते पाळलं जातं का हे कधी तपासलं गेलंय का, एवढाच माझा प्रश्न आहे. कॉर्ड ब्लड, म्हणजे नाळेतल्या रक्ताच्या, बँकेला औषध कायद्याखाली लायसन्स लागतं, म्हणजे एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) नजरेखालची ही गोष्ट आहे. लायसन्स बघताना फ्रीज आणि टाक्या बघत असाल, आयुक्त साहेब, ब्रोशर पण बघा. आणि काही ठिकाणी तर ऑटिझम, मतिमंदत्व, डायबिटीस हे पण यादीत घुसडलेलं असतं. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीने ऑटिझमच्या मुलांवर नाळेतल्या रक्ताची नीट चाचणी घेतली, २०२० मध्ये निकाल आला, मुख्य अपेक्षित फरक दिसलाच नाही. त्या आईबापांच्या गळ्यात असं काही बांधणं फार वाईट आहे हो.

केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैपासून या बँकांची जीएसटी माफी काढली, म्हणजे आधी कित्येक वर्षं सवलत होती. माझ्या अर्जासाठी मात्र एक ओळीचं पत्र निघालं नाही.

अजून एक, याबद्दल आया फारसं बोलत नाहीत. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता निदान मिनिटभर थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाला मिळतं आणि पुढचे काही महिने त्याचं लोह चांगलं राहतं. आपल्या देशात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया निघाला. अशा ठिकाणी पिशवी भरावी म्हणून घाईने नाळ कापली गेली तर तो त्या बाळाचा घास काढून घेणं आहे. नणंदेला हे कोणी सांगितलं नव्हतं. भावंडासाठी घ्यायचं असेल तेव्हाही बाळाचा वाटा आधी, उरलेलं नंतर, हे मला मान्य आहे आणि तसं करता येतं.

आता मागण्या.

गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीतच एचबीए२ करा, सगळीकडे, फुकट, आणि तिची निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी चालू आहे, चांगलंच आहे, त्याच धर्तीवर हे पण जोडा.

ज्या बाईच्या घरात थॅलेसेमिया, सिकलसेल, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया किंवा ल्युकेमियाचं मूल आहे तिच्या पुढच्या बाळाचं नाळेतलं रक्त घ्यायची सोय सरकारने करावी, त्याचा खर्च सरकारने उचलावा. अशा बाया राज्यात लाखांनी नाहीत. डे-केअर सेंटरच्या रजिस्टरमध्ये त्यांची नावं आहेतच, दर तीन आठवड्यांनी त्या तिथे येऊन बसतात, त्यांना शोधायला वेगळा सर्व्हे नको. किट आधीपासून लेबर रूममध्ये, केसपेपरवर लाल शिक्का, रात्रीच्या स्टाफला ट्रेनिंग, आणि लायसन्स असलेल्या बँकेशी सरकारने करार करून ठेवायचा. सोबत भावंडांचं एचएलए फुकट. थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, म्हणजे ही मेहेरबानी मागत नाहीये मी.

खाजगी बँकेच्या प्रत्येक करारावर पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत, आयसीएमआरचं ते वाक्य आणि तो आकडा छापायची सक्ती करा. सही घेण्याआधी दोन दिवस विचाराला द्या. हॉस्पिटलला किंवा डॉक्टरला किती पैसे मिळतात ते त्याच पानावर लिहा. आणि प्रत्येक बँकेने वर्षाला जाहीर करावं की किती पिशव्या जमा आहेत, त्यातल्या किती खरोखर कुणाला दिल्या गेल्या, आणि बँक बंद पडली तर त्या टाक्यांचं काय होणार.

सगळ्यांसाठी सरकारी पब्लिक बँक उद्याच काढा असं मी म्हणत नाहीये. मला कळतं ते महाग आहे, साठवलेल्या बहुतेक पिशव्या पडूनच राहतात, आणि आता अर्ध्या जुळणाऱ्या आई-वडिलांकडूनही ट्रान्सप्लांट व्हायला लागलीत. त्याचा निर्णय जाणकारांना बसवून घ्या. पण भावंडांच्या कामासाठी बिल्डिंग लागत नाही, एक जीआर आणि थोडी तयारी लागते.

शेवटचं. आमच्या डे-केअरमध्ये खिडकीजवळच्या बेडवर ज्या मुलीला रक्त लावतात तिची आई सहाव्या महिन्यात आहे. वारेची तपासणी झाली, होणारं बाळ मायनर आहे. मागच्या खेपेला तिने मला विचारलं, ताई अर्ज कसा लिहायचा, तुमचा दाखवता का. मी तिला माझ्या अर्जाची झेरॉक्स दिली, इनवर्डच्या शिक्क्यासकट. तिची तारीख तीन महिन्यांवर आहे साहेब. तिचा अर्ज पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात पडेल, त्याचं लेखी उत्तर तिला आठवा लागायच्या आत मिळावं, एवढं आधी करा.

आपली,
एका थॅलेसेमिया मुलाची आई, चाकण